वर ये म्हणायचा शब्द

गडदेवस्ती, ता. जत
९ जानेवारी २०२४

ती. नाथाजी आबा यांस,
समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

मी अमृत कोळेकरची बायको. लग्नात तुमच्या पाया पडले होते, पण तेवढ्या गर्दीत तुमच्या लक्षात राहिलं नसेल. अमृत तेलाच्या रिगवर तुमच्याच हाताखाली भोक पाडायचं काम शिकला. सुट्टीला घरी आला की ‘आबा असं म्हणत्यात, आबांनी असं केलं’ एवढंच चालायचं. तुम्हाला ऐकू येत नाही हेही त्यानंच सांगितलं होतं, म्हणून फोन न करता लिहितेय. मेसेज केला असता, पण घरातला मोबाइल सासूबाईंच्या हातात असतो. अमृतनं पाठवलेले जुने आवाजी मेसेज लावून त्या ऐकत बसतात.

अमृत नोव्हेंबरात रिगवरून नाहीसा झाला. पूर्वेच्या समुद्रात, वादळी हवेत. कंपनीचा माणूस येऊन ‘समुद्रात पडले असावेत’ म्हणाला. ‘असावेत’ या शब्दावर आमचं घर लटकून राहिलंय. चुलत सासरे आप्पासो म्हणतात, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा जाळून दिवस घालू. सासूबाई म्हणतात, दिवस घातलेत तर मी याच उंबऱ्यावर जीव देईन.

त्या माणसानं कागद दिले. त्यात रिगचा रोजचा रिपोर्ट आहे. मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, इंग्रजी अक्षरं वाचता येतात. पण हे इंग्रजी नाही, नुसती अक्षरं आहेत. शाळेच्या मास्तरांना दाखवलं. त्या दिवशीच्या पानावर एक ओळ आहे, ‘फिश एलआयएच’. मास्तरांनी मोबाइलवर शोधून सांगितलं की एलआयएच म्हणजे भोकात हरवलं. खाली लिहिलंय, ‘फिशिंग, नो रिकव्हरी’. म्हणजे शोधलं, मिळालं नाही.

आबा, फिश कोण? साहेब लोक माणसाला असं म्हणतात का? माझा नवरा समुद्रात नसून त्या भोकात आहे का?

मास्तर मोठ्यानं बोलत होते आणि सासूबाई दारात होत्या. त्या दिवसापासून त्या आमच्या माळावरच्या कोरड्या बोअरपाशी जाऊन बसतात. म्हणतात, “वरनं भोकं येगयेगळी. खाली समदं एकच.”

पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्यात. सगळ्या ओळींचा अर्थ लिहा. काही झाकू नका.

तुमची,
समीक्षा

---

लोणंद
१८ जानेवारी २०२४

चि. सौ. समीक्षा हिस,
नाथाजी आबाचे आशीर्वाद.

पोरी, पयलं हे वाच आणि मग पाणी पी. अमृत भोकात न्हाई. आमी पाडतो ते भोक खाली गेल्यावर घागरीच्या तोंडाएवढंबी राहत न्हाई. त्यात माणूस जाऊच शकत न्हाई. तुझ्या सासूबाईला एवढं तरी माझ्या नावानं सांग.

फिश म्हणजे लोखंड. पाइप तुटला, खडक फोडायचं बिट निसटलं, कुणाच्या हातनं पाना पडला, भोकात जे राहिलं ते फिश. ते काढायच्या कामाला फिशिंग. त्या दिवशी त्यांचा पाइप तुटला हुता, एवढाच त्या ओळीचा अर्थ. हा शब्द कुणी काढला म्हाईत न्हाई. मी नवा हुतो तवा मलाबी वाटलं हुतं की जेवणाचा मेनू लिहिलाय.

आता बाकीचं. आरआयएच म्हणजे पाइप भोकात सोडणं. पीओओएच म्हणजे पाइप वर काढणं. डब्ल्यूओडब्ल्यू म्हणजे हवा सुधरायची वाट बघणं. रिपोर्ट लिहिणारा दमलेला असतो, जागा बोटभर असती, म्हणून अक्षरं तोडत्यात. त्यात कपट काय नसतं.

अमृत माझ्याकडं आला तवा रिगच्या मनोऱ्याएवढ्या उंचावर कवा चढला नव्हता. पयल्या दिवशी मनोऱ्यावरच्या टॉपमनच्या फळीवर जाऊन उभा राहिला आणि खाली बघून हसला. मी शिवी दिली. ‘आबा, हितनं समदं दिसतंय,’ म्हणाला. रिगवर कानाला काय ऐकू येत न्हाई, पण त्याचे ओठ मी वाचले.

त्या दिवशी समदं काम थांबवून त्याला शोधलं असं कागदावरनं दिसतंय. माणसांनी कसूर केली न्हाई. जास्त विचार करू नगंस. खात जा.

तुझा,
नाथाजी आबा

---

गडदेवस्ती
११ फेब्रुवारी २०२४

ती. आबा,
सा. नमस्कार.

पाकिटावर तुम्ही ‘सौ.’ लिहिलंत. बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. फिश म्हणजे लोखंड हे त्यांना पटलं. जरा वेळानं म्हणाल्या, “लोखंडाला मासा म्हणत्यात. मग माणसाला काय म्हणत्यात?”

मी सगळी पानं पुन्हा पाहिली. त्यात अमृतचं नाव कुठंच नाही.

आता एक विचारते, हसू नका. सासूबाई बोअरपाशी जातच आहेत. मी त्यांना दुपारी जेवायला बोलवायला गेले तेव्हा म्हणाल्या, “हात धर हितं.” मी पाइपच्या तोंडावर हात धरला. आतून गार वारा येत होता, माणसानं सोडल्यासारखा, सावकाश. संध्याकाळी पुन्हा गेले तर तोच वारा आत ओढला जात होता. सासूबाईंनी आमच्या मेंढरांच्या लोकरीचं फूल तोंडावर धरलं, ते त्यांच्या बोटांतून सुटून आत गेलं. आणि आवाज येतो. शब्द नाहीत. कुणी पलीकडच्या खोलीत झोपलंय असा.

घरी येऊन मी रिपोर्ट काढला. तिसऱ्या पानावर लिहिलंय, ‘वेल ब्रीदिंग’. याला डिक्शनरी लागली नाही. विहीर श्वास घेते. आबा, शिकलेले लोक असं लिहितात?

सासूबाई त्या तोंडाशी वाकून हाका मारतात. अमृत फोनवर गमतीनं रिगच्या भाषेत बोलायचा. कामावर निघाला की ‘आई, आरआयएच’, सुट्टी मिळाली की ‘आई, उद्या पूह’. तुमचं ते पीओओएच. त्यांच्या लेखी पूह म्हणजे पोरगा घरी येणं. आता बोअरमध्ये तोंड घालून म्हणतात, “पूह कर रं बाळा. लय झालं आत. वर ये.”

आणि खरं सांगते, हाक मारून झाली की मीही थांबते. कान लावून.

समीक्षा

---

लोणंद
२३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. समीक्षा हिस,
आशीर्वाद.

हसलो न्हाई. मी पयल्यांदा ‘ब्रीदिंग’ बघितलं तवा मीबी चार पावलं मागं सरलो हुतो. पण ऐक. खडकाला भेगा असत्यात. पंप चालू असला की मड, म्हणजे भोकात फिरवायचा चिखल, दाबानं त्या भेगांत शिरतं, पंप बंद केला की परत येतं. वरनं बघणाऱ्याला वाटतं भोक धापा टाकतंय. तुमची कोरडी बोअर त्याच जातीची. बाहेरची हवा जड झाली की आत जाती, हलकी झाली की बाहेर येती. दुपार-संध्याकाळचा फरक त्यामुळं. आत कुणी न्हाई.

हे मी तुला सांगतो, पण माझी कथा येगळी. मला बाहेरचं काय ऐकू येत न्हाई. नातवंडं रडली तर तोंडावरनं कळतं. पण आत, डोक्यात, मड पंप अजून चालू हाय. इतक्या वर्षांचा आवाज कानात घर करून बसलाय. डॉक्टर म्हणाले, कानाची नस गेली की असं हुतं. त्यांचं खरं असंल. पण अमृतची बातमी आल्यापासनं त्या पंपाचा ठोका मधीच चुकतो, आणि त्या फटीत कुणीतरी ‘आबा’ म्हणतं. आता कारण म्हाईत असून मी काय करू? म्हणून तुझ्या सासूबाईला खुळी म्हणायची माझी हिंमत न्हाई.

तरी बोअरला झाकण घाला. उघडं भोक वाईट. वस्तीवर लेकरं असत्यात. आप्पासोंना सांग, फरशी ठेवा, वर दगड ठेवा.

सासूबाईनं विचारलं ते बरोबर विचारलं. माणसाला रिपोर्टात पीओबी म्हणत्यात. रिगवर किती माणसं हायत तो आकडा. पानाच्या डोक्यावर कोपऱ्यात असतो. नावं नसत्यात, नुसता आकडा.

तुझा,
नाथाजी आबा

---

गडदेवस्ती
२० मार्च २०२४

आबा,

कोपऱ्यातला आकडा पाहिला. त्या दिवशीच्या पानावर एकशे चार. दुसऱ्या दिवशी एकशे तीन. अमृत तिथं आहे.

मग मी पान पहिल्या ओळीपासून वाचलं. तुम्ही कोणत्या ओळी समजावल्यात आणि कोणत्या गाळल्यात ते मोजत बसले. एमओबी तुम्ही गाळलंत. मास्तरांकडून कळलं, माणूस पाण्यात पडला. त्यापुढं होडी सोडली. त्यापुढं होडी परत घेतली, डब्ल्यूओडब्ल्यू. हा तुम्हीच शिकवलेला शब्द. आणि लगेच खालची ओळ, तीही तुम्हीच शिकवलेली, कंटिन्यू आरआयएच.

सगळं काम थांबवून शोधलं, असं तुम्ही लिहिलं होतंत. समुद्र होडीला चालत नव्हता, आबा, पण पाइपला चालत होता. माणूस हुडकायला गेलेली होडी दुपारी परत आली आणि लोखंड हुडकायला पाइप आत गेले. मी परक्या माणसाकडून खोटं ऐकलं असतं तर सोसलं असतं. तुमच्याकडं मी वाचायला शिकायला आले होते.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण भोकात अडकलेलं कसं सोडवायचं ते इथं कुणालाच कळत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

आप्पासोंनी ठेवलेली फरशी सासूबाईंनी सरकवली. हिवाळाभर त्या चातीवर लोकर कातत होत्या, मला वाटलं मन रमवतायत. तो सगळा धागा त्यांनी दगड बांधून बोअरमध्ये सोडला. रोज थोडा थोडा. परवा धागा अडकला. वर येईना, खाली जाईना. त्या म्हणतात, त्यानं टोक धरलंय.

तेव्हापासून त्या हातातला धागा सोडत नाहीत. ऊन डोक्यावर आलं तरी तिथंच. मी घोट घोट पाणी पाजते. आप्पासो धागा तोडायला गेले तर त्या त्यांच्या हाताला चावल्या. कोवळ्या पोराची आई असल्यासारखं बघतात. मी उद्या जतला डॉक्टरांना आणायला जाणार आहे, ते वस्तीवर यायला तयार झाले तर.

रागानं लिहिलंय ते तसंच राहू दे. पण या.

समीक्षा

---

लोणंद
२ एप्रिल २०२४

चि. समीक्षा हिस,
आशीर्वाद.

मी आलो तवा तू परत एकदा जतला डॉक्टरला आणायला गेली हुतीस, आणि तू आलीस तवा काम उरकलं हुतं. तू विचारलंस, ‘काय झालं?’ मी म्हणालो, ‘सोडला त्यांनी.’ सासूबाईनं तुला काय सांगितलं नसंल. तू मागितलं ते मी एकदा झाकलं, आता झाकत न्हाई. तुला वाचता येत न्हाई तोवर चालंल असं वाटलं हुतं. तू इतक्या लवकर शिकशील असं वाटलं न्हाई.

मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी वळखलं न्हाई. मी म्हणालो, “आक्का, मी नाथाजी. अमृतचा आबा.” त्यांनी तोंड माझ्याकडं केलं. त्या सावकाश बोलत्यात, मला ओठ नीट कळले.

“आबा, वडतोय बघा त्यो.”

“मला धरू द्याल?”

एका हातानं धागा धरून त्यांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं त्यावर ठेवली. भोक पाडणाऱ्या ड्रिलरला खाली काय चाललंय ते हातानंच कळतं, तिथं डोळे जात न्हाईत. मी डोळे मिटले. धागा ताणायचा, ढिला व्हायचा, परत ताणायचा. वाऱ्यानं हुतंय हे मला म्हाईत हुतं. तुला पत्रात मीच लिहिलं हुतं. तरी डोक्यातला पंप थांबला. इतक्या वर्षांत पयल्यांदा. नुसती शांतता. मी भ्यालो, पोरी.

मी म्हणालो, “आक्का, हा अमृत न्हाई. दगड कपारीत बसलाय.”

“मग त्यो कुठं हाय?”

“समुद्रात. कठड्यापाशी पाइपांची बांधणी सुटली हुती, ती आवळताना पडला.”

“तुमी बघितलं?”

“न्हाई. पण त्याच्याबरोबरच्या पोरांना मी इचारलं. त्यांनी बघितलं. हाक मारली, टोपी दिसली, मग न्हाई दिसली.”

“किती येळ हुडकला?”

खोटं माझ्या तोंडाशी आलं हुतं. सांगितलं, “दुपारपर्यंत. मग होडी उलटायला लागली.”

“आन मग?”

“मग पाइप आत सोडले.”

“कशापायी?”

“तुटलेलं लोखंड काढायला.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं आता ह्या मला मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी इचारलं, “घावलं लोखंड?”

“न्हाई.”

“तेबी न्हाई,” म्हणाल्या.

त्यांच्या कमरेला मेंढरं कातरायची कातर हुती. त्यांनी मला इचारलं न्हाई. पयल्यांदा बोअरवर वाकल्या, काय तरी बोलल्या. तोंड आत हुतं, मला दिसलं न्हाई. मग धागा कापला.

समीक्षा, कापल्यावर टोक झटक्यानं जायला पायजे, न्हाई तर तिथंच लोंबायला पायजे. ते सावकाश गेलं. कुणी हातावर गुंडाळत न्यावं तसं, एका लयीत, शेवटाला तोंडापाशी जरासं थांबलं आणि आत गेलं. मी आयुष्यभर भोकात वस्तू जाताना बघितल्यात. अशी जाताना बघितली न्हाई. ह्याला आमच्यात शब्द काय, ते मी त्या दिवसापासनं शोधतोय.

फरशी मी ठेवली. त्यांनी हात लावला एका बाजूनं.

पंप घरी आल्यावर परत सुरू झालाय. त्यात आता कुणी हाक मारत न्हाई.

तुझा,
नाथाजी आबा

---

गडदेवस्ती
१९ मे २०२४

ती. आबा,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी पुष्कळ दिवस उशाखाली ठेवलं. राग गेलाय असं म्हणत नाही, पण तुमच्यावरचा गेलाय.

दिवस घातले. आप्पासोंनी पळसाची पानं आणली, पुतळा केला. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत, पण अडवलंही नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “मला समुद्र दाव.”

मी म्हटलं, तो समुद्र लांब आहे, आंध्रात. म्हणाल्या, “ह्यो का त्यो, मला काय कळतंय. एकदा दाव.” त्या कधी मिरजेच्या पलीकडं गेलेल्या नाहीत. आयुष्यात पाणी पाहिलंय ते टँकरचं, नाहीतर तळ्याचं. आप्पासोंनी जीप काढली. आंबा घाटातून आम्ही रत्नागिरीला गेलो, मी, त्या आणि आप्पासो.

किनाऱ्यावर गाडी थांबली तेव्हा उतरायला त्यांना हात द्यावा लागला. वाळूत उभ्या राहिल्या. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग समोर. लाट पायाशी आली तसं लुगडं वर धरलं आणि मला विचारलं, “ह्याला पल्याडचा काठ कुठं हाय?”

“दिसत नाही इथून.”

“आन त्योबी असाच?”

“असाच.”

त्या खाली बसल्या. ओली वाळू मुठीत घेतली, सोडली. म्हणाल्या, “एक मेंढरू मागं राहिलं तर तुजा सासरा दोन-दोन रात्री माळ तुडवायचा. मला वाटायचं, ह्या लोकांनी माज्या लेकाला मेंढरायवढंबी हुडकलं न्हाई.” मग समोर बोट केलं. “पर हितं कुठनं हुडकायचं गं? हितं पावलंच उमटत न्हाईत.”

आप्पासो तोंड फिरवून उभे होते. माझ्या डोळ्यांतून तोवर कधी पाणी आलं नव्हतं, आबा. नोव्हेंबरपासून मी घर धरून बसले होते, कागद वाचत बसले होते. त्या वाळूत मी अशी रडले की चौपाटीवरची माणसं बघायला लागली. सासूबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं. त्यांच्या लुगड्याला लोकरीचा वास येत होता.

मग त्या उठल्या. गुडघाभर पाण्यात गेल्या. मी मागून धरायला धावले तर आप्पासो म्हणाले, “ऱ्हाऊ दे, त्या चालल्या न्हाईत कुठं.”

कळप घेऊन रानोरान फिरताना एखादं मेंढरू सापडत नाही, आणि बाकीच्यांसाठी पुढं तर जावंच लागतं. मग निघण्याआधी धनगरीण त्या रानाकडं तोंड करून एकदा हाक घालते. ‘ये’ म्हणून नव्हे. आम्ही कुठल्या अंगानं चाललो ते त्याला कळावं म्हणून. हे मला परतताना जीपमध्ये आप्पासोंनी सांगितलं. किनाऱ्यावर होतो तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक घातली. एवढ्या वाळलेल्या बाईच्या अंगातून तो आवाज कसा आला, कळत नाही. लांबवर होडीतली माणसं वळून बघायला लागली. मग साध्या आवाजात, चुलीपाशी बोलतात तशा म्हणाल्या, “अमृता, आमी घरला चाललो रं. जतच्या वाटंनं.”

आणि मान जराशी वाकडी करून थांबल्या. उत्तर यायला लागतो तेवढा वेळ.

मग माझ्याकडं वळल्या, लुगडं पिळलं, आणि म्हणाल्या, “चल.” वाटेत घाटात गाडी थांबवून त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

त्यांना काय ऐकू आलं ते मी विचारलेलं नाही. तुम्ही भेटलात तर तुम्हीही विचारू नका.

तुमची,
समीक्षा